गेत्तोंगचं वय

सोकचो
९ जुलै १९८३

ति. सौ. ओकबुनताईस,

दूचिलचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून तू रागावली असशील आणि दाजींनी त्यात तेल ओतलं असेल. पण गेले दहा दिवस आमच्या घरात कुणी माणसात नाही. टीव्हीवर युद्धात ताटातूट झालेल्यांचा कार्यक्रम लागल्यापासून आई त्याच्यासमोरून हललेली नाही. जेवायला चल म्हटलं तर म्हणते, मी उठले आणि नेमका तेवढ्यात तो आला तर? तुझी भावजय पिल्सुन तिथंच ताट नेऊन देते. पण आईचा घास हातात तसाच राहतो, कारण समोर कुणीतरी कुणाच्या तरी गळ्यात पडून रडत असतं. मग आई रडते, तिला बघून पिल्सुन रडते आणि आमटी गार होते.

काल एका दिवसात टीव्हीवर तीन गेत्तोंग येऊन गेले! एक पंचावन्न वर्षांचा, एक काळाठिक्कर, आणि तिसऱ्याची आई तिथंच सापडली. दृष्ट लागू नये म्हणून आपल्या अख्ख्या हामग्योंग प्रांताने पोरांना कुत्र्याच्या विष्ठेचं नाव ठेवलं, त्याची ही फळं. आपल्या गेत्तोंगचं खरं नाव दूगिल, पण त्या नावाने त्याला हाक कुणी मारली होती? चार वर्षांच्या पोराला ते ठाऊक तरी असेल का? आता खूण म्हणून उरला तो भुवईवरचा व्रण.

तर मी सोलला जाऊन तिथल्या टीव्ही केंद्राच्या भिंतीवर आपलाही फलक लावणार आहे. आयुष्यभर थिएटरवर दुसऱ्यांची नावं रंगवली, एकदा आपल्या घरचं रंगवतो. मालकांनी कुरकुर केली. नवा सिनेमा शनिवारी लागतोय आणि नायिकेचा चेहरा अजून अर्धाच आहे. खाली खुर्ची टाकून बसतात आणि डावा डोळा मेला, उजवा गाल सुजला, असं ओरडत राहतात. शेवटी चार दिवस दिले.

मजकूर असा केलाय, वाचून बघ. "डिसेंबर १९५०, हुंगनामचा धक्का. हरवला तेव्हा वय चार. घरातलं नाव गेत्तोंग. बरोबर आई, बहीण, भाऊ. डाव्या भुवईवर व्रण, लोणच्याच्या रांजणांच्या ओट्यावरून पडल्याचा." चेहरा काढू का असं आईला विचारलं, तर म्हणाली, चार वर्षांचा काढशील की सदतीस वर्षांचा? दोन्ही नको, अक्षरंच काढ.

आई आता बाहत्तरची आहे, ताई. तिच्या डोळ्यांदेखत तो एकदा घरी यावा, बाकी मला काही नको. त्याचा हात माझ्या हातात होता, हे तू विसरली असलीस तरी मी विसरलेलो नाही.

घरातल्या मोठ्यांना माझा वाकून नमस्कार. माझ्यावर आहे ती माया असू दे.

तुझा,
दूचिल

बुसान
१६ जुलै १९८३

चि. दूचिल यास,

ओकबुनताईचे अ. उ. आ.

पत्र आलं तेव्हा मी दुकानात बारीक मासळी निवडत होते. तशाच खारट हाताने फोडलं, म्हणून तुझ्या पत्राला आता वास येतोय.

आधी तुझे कान धरते. तेहतीस वर्षं झाली तरी तेच! त्या धक्क्यावर लाख माणसं होती, अंगावर बर्फ पडत होता, आईच्या डोक्यावर बोचकं, माझ्या पाठीवर तांदूळ. तू अकरा वर्षांचा. जहाजाच्या कुशीवर घराएवढी अक्षरं रंगवलेली होती, ती बघत तू क्षणभर थांबलास. एवढंच झालं. मला विचारशील तर चूक माझीही आहे, मी मोठी होते. पण मी ती रोज उगाळत बसत नाही. मला संसार आहे, आणि दाजी एकटेच चार पोरांएवढा त्रास देतात.

मजकूर दोनदा वाचला. एक राहिलं बघ. त्याला उकडलेले बटाटे आवडायचे, तेही घाल. मोठेपणी माणूस नाव विसरतो, पण जीभ विसरत नाही. आणि "आई जिवंत आहे" हे सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या अक्षरात लिही. बाकी सगळं चोख आहे. इथंही बुसानच्या कचेरीत नोंद करायची होती, ती तुझ्या मजकुरावरूनच शब्द न् शब्द उतरवून दिली.

आईला सांग, जेवली नाहीस तर तो आल्यावर त्याला ओळखायला डोळ्यांत जोर कुठून राहील? ही मात्रा लागू पडेल. पिल्सुनला म्हणावं, मासळी पाठवलीय ती आईसाठी आहे, तुझ्या नवऱ्यासाठी नाही.

तुला जप. तुझ्यावर जीव आहे म्हणूनच बोलते.

तुझी,
ताई

सोकचो
२१ ऑगस्ट १९८३

ति. सौ. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

सोलहून येऊन महिना झाला, पण लिहायला हात उचलत नव्हता. ती भिंत बघितली. भिंत कसली, अख्खी इमारत आणि बाहेरचा चौक, जिथं जागा मिळेल तिथं कागद. जमिनीवरसुद्धा. माझा फलक मात्र लांबून उठून दिसत होता. शेजारच्या आजोबांनी तर मला विनवलं की बाबा, माझाही असाच लिहून दे. मग दुसऱ्याचा, तिसऱ्याचा. तीन दिवसांत शंभरावर फलक लिहिले असतील. आपल्याकडे विचारपूस करायला कुणी आलं नाही. अजूनही आलेलं नाही. आई दर वेळी पोस्टमन गेला की दाराशी जाऊन येते.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. हसू नकोस. मी गेली वीस वर्षं थिएटरवर जे जे चित्र काढतो, त्यात नायकाच्या मागे गर्दी असली की त्या गर्दीत गेत्तोंगला काढतो. तलवारबाजीचा सिनेमा असो, रडारडीचा असो, अमेरिकन गोळीबाराचा असो. मालक एकदा भडकले होते की घोड्यांच्या टोळीत हा आपल्या हामग्योंगचा रुंद तोंडाचा गडी कुठून आला? मी म्हटलं, वाट चुकला असेल. चेहरा आपल्या वडिलांवरून घेतो, आणि व्रण काढतो. दरवर्षी नव्या वर्षाच्या सिनेमाला त्याचं वय एकाने वाढवतो. सगळे सणाची तांदळाच्या वड्यांची आमटी खाऊन वर्षाने मोठे होतात, मग त्याने काय घोडं मारलंय? यंदा कपाळावर एक आठी घातली आणि कानाजवळ थोडे पांढरे केस.

दोन आठवड्यांनी सिनेमा बदलला की त्याच पाट्यांवर चुना मारायचा आणि नवं चित्र काढायचं. किती गेत्तोंग त्या चुन्याखाली गेले याचा हिशोब नाही. मी आईला यातलं काही बोललो नव्हतो. पण ती नव्या वर्षाच्या दिवशी आमटी झाल्यावर न चुकता थिएटरवर येते, खाली उभी राहते, मान वर करून बघते आणि परत जाते. एकदा पिल्सुनजवळ म्हणाली, पोरगा बारीक झालाय. पुढच्या चित्रात मी त्याचे गाल भरले.

तिचा तो पितळेचा वाडगा अजून तसाच आहे. रोज भात वाढून, झाकण घालून, खालून तापवलेल्या जमिनीच्या उबदार कोपऱ्यात गोधडीखाली ठेवते. प्रवासातला माणूस उपाशी राहू नये म्हणून. संध्याकाळी तोच भात मी खातो. तेहतीस वर्षं मी त्याच्या वाटचं खातोय, ताई.

दाजींना नमस्कार. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दूचिल

बुसान
१८ सप्टेंबर १९८४

चि. दूचिल यास,

अ. उ. आ.

सुखरूप पोचले. छुसकच्या सणाला इतक्या वर्षांनी तुमच्याकडे आले, आईच्या हातचा मुरवलेला मासा खाल्ला, पिल्सुनने पाय चेपून दिले. तृप्त होऊन निघाले होते. पण बसमध्ये बसल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. आठ दिवस लिहू की नको करतेय.

निघायच्या दिवशी तू मला थिएटरवर घेऊन गेलास आणि गर्दीतला आपला गेत्तोंग बोटाने दाखवलास. मी रडले, तुला वाटलं मायेने. मायेने होतंच. पण त्याच वेळी काहीतरी खुपलं, आणि काय ते कळेना. बसमध्ये खिडकीच्या काचेत माझाच चेहरा दिसत होता. मी आपला उगाच भुवईवर हात ठेवला आणि मला धडकीच भरली.

दूचिल, तू चित्रात बरोबर काढलंयस. व्रण उजव्या भुवईवर आहे. त्याच्या उजव्या. पोर पडलं तेव्हा रक्त थांबेना, म्हणून मीच सोयाबीनचा मुरलेला लगदा त्यावर थापला होता. डाव्या काखेत पोर धरलं आणि उजव्या हाताने लावला. माझ्या बोटांना ती जागा आजही ठाऊक आहे.

मग फलकावर आपण डावी का लिहिली रे? आणि मी दोनदा वाचून बटाट्यांचं सांगत बसले! तेच बुसानला उतरवून दिलं. माझं चुकत असेल तर ताबडतोब लिही. माझं चुकलेलं असू दे.

ताई

सोकचो
२४ सप्टेंबर १९८४

ति. सौ. ताईस,

सा. न.

तुझं चुकलेलं नाही.

पत्र वाचलं आणि परांचीवरून खाली उतरलो. मालकांनी विचारलं काय झालं, मी कुंचले धुवायला घेतले. आमच्या धंद्यात डावं म्हणजे पाटीचं डावं. रस्त्यावरून बघणाऱ्याचं डावं. मालक खालून डावा डोळा म्हणाले की मी पाटीच्या डाव्या अंगाचा डोळा रंगवतो, तो नायकाचा उजवा असतो. वीस वर्षांत दुसरं काही मी बोललो नाही, ऐकलं नाही. मी गेत्तोंगला समोरून बघत आलो. माझ्यासाठी त्याचा व्रण कायम डावीकडेच होता. रंगवला बरोबर, आणि लिहिला चुकीचा. असली चूक दुसऱ्या कुठल्याही माणसाच्या हातून झाली नसती, कोळ्याच्या नाही की न्हाव्याच्या नाही. ती माझ्यासारख्या पाटीवाल्यानेच करायची!

चेहरा काढू का विचारलं तेव्हा आई नको म्हणाली. काढला असता तर निभावलं असतं. पण आईला यातलं काही कळता कामा नये.

कार्यक्रम कधीच बंद झालाय, भिंतीही धुऊन निघाल्या. पण नोंदणीच्या वह्या सोलच्या कचेरीत ठेवल्या आहेत असं कळलं. आपण त्याला शोधत होतो तसा तोही आपल्याला शोधत असला, तर त्याचीही नोंद असेल. मी जातोय.

दूचिल

सोकचो
११ नोव्हेंबर १९८४

ति. सौ. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

हे पत्र दाजी घरात असताना वाच. एकटी वाचू नकोस.

सोलला तीन दिवस वह्या चाळल्या. तिथल्या बाई भल्या होत्या, मला खुर्ची दिली, चहा दिला. तिसऱ्या दिवशी दुपारी सापडलं. "नाव पे सुबोक. हे पाळणाऱ्यांनी ठेवलेलं. लहानपणी गेत्तोंग म्हणत. हुंगनामहून जहाजातून. उजव्या भुवईवर व्रण. मुक्काम मुखो." मुखो, ताई! इथून किनाऱ्या-किनाऱ्याने बसने तीन तास. आपली माणसं तिथं मासळी विकायला जातात. मीही दोनदा जाऊन आलोय, तिथल्या थिएटरची पाटी रंगवायला.

कचेरीतून तडक मुखोला गेलो. घर चढावर आहे, खाली कोळशाचा धक्का. दार त्याच्या बायकोने उघडलं. जमन्ये तिचं नाव. मी कोण ते सांगितलं. मग म्हणाली, भावजी, उशीर केलात.

तो गेला, ताई. याच वर्षी, पहिल्या चांद्र महिन्याच्या एकोणीसला. कोळसा उतरवून उतरवून छाती गेली होती. अडतीस वर्षांचा होता.

तिने सगळं सांगितलं. जहाजावर एका म्हातारा-म्हातारीने त्याला कोटात घेतलं आणि त्यांनीच वाढवलं. माणूस हसरा होता म्हणे. सिनेमाला नेलं तर अंधार झाल्याबरोबर घोरायचा. उकडलेल्या बटाट्यांवर तुटून पडायचा. (मी बटाट्यांचं फलकावर घातलं होतं, तुझ्या सांगण्यावरून.)

आता पुढचं लिहितो. ते तुला सांगितलं नाही तर मला झोप लागायची नाही. गेल्या वर्षी जुलैत दोघं नवरा-बायको सोलला गेले होते. तो आपल्या फलकापुढे उभा राहिला. हुंगनाम, गेत्तोंग, चार वर्षं, बटाटे. तिला हाक मारून म्हणाला, हे बघ, हे माझंच आहे. मग भुवईचं वाचलं. हात लावून बघितला. बायको म्हणाली, लिहिणाऱ्याचं चुकलं असेल, विचारून तर बघू. त्यावर तो म्हणाला, ही अक्षरं बघ, काय घोटीव अक्षर आहे! इतकं नेटकं लिहिणारा माणूस सख्ख्या भावाची भुवई चुकेल का? कुणाच्या तरी आईला उगाच आस लावायची आणि मग तोंड पाडून परत पाठवायचं, हे पाप नको. निघताना पुन्हा एकदा वळून वाचायला गेला. मग दोघं बसने घरी आले.

माझं अक्षर चांगलं आहे असं मला आयुष्यात सगळ्यांनी सांगितलं. ते वाईट असतं तर आज माझा भाऊ आईला भेटलेला असता.

जमन्येने त्याचा फोटो दिलाय. मी काढत आलो तसा तो मुळीच नव्हता. वडिलांसारखा नाहीच. गोल चेहरा, पुढचे केस गेलेले. ताई, तो थेट आईसारखा होता! अकरा वर्षांची मुलगी आहे, तिचंही तसंच.

आईला काय सांगू?

दूचिल

बुसान
१९ नोव्हेंबर १९८४

चि. दूचिल यास,

अ. उ. आ.

दाजी होते जवळ. त्यांनीच वाचून दाखवलं आणि शेवटी त्यांनाच वाचवेना.

माझं ऐक. आईला सांगू नकोस. चौतीस वर्षं ती त्या वाडग्यावर जगली. तो काढून घेतलास तर ती सहा महिने काढायची नाही. सून आणि नात मिळाल्यात, त्यांना हळूहळू ओळखीपाळखीच्या म्हणून घरी आणू. फोटो लपवून ठेव. नव्या वर्षाला नेहमीप्रमाणे पाटीवर गेत्तोंग काढ, आठी वाढव, केस पांढरे कर. आईने बघावं आणि घरी जावं. खोटं तर खोटं. त्याचं पाप माझ्या डोक्यावर, मी मोठी आहे.

आणि तुझ्या अक्षराला शिव्या देऊ नकोस. त्याच अक्षरांनी तिथं शंभर जणांचे फलक लिहिलेस, त्यांतल्या कुणाला कुणी भेटलंच असेल. मजकूर मीही वाचला होता. दोष अर्धा माझा, आणि माझी वाटणी मी कधी कुणाला देत नाही हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

जीव लावून राहा. पिल्सुनला सगळं सांग, एकटा कुढू नकोस.

तुझी,
ताई

सोकचो
२२ फेब्रुवारी १९८५

ति. सौ. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं करायला गेलो होतो. तोंडाने खोटं बोलणं मला जमलं. तीन महिने बोललो. सोलला काही मिळालं नाही म्हणालो, आई बरं म्हणाली. जमन्ये आणि पोर एकदा येऊन जेवून गेल्या, पिल्सुनच्या मैत्रिणीच्या नात्यातल्या म्हणून. आईने पोरीला दोनदा भात वाढला.

पण नव्या वर्षाच्या पाटीवर गर्दी काढायला बसलो आणि हात थांबला. फोटोवरून काढला असता तर आईने विचारलं असतं हा कोण. म्हणून नेहमीचाच चेहरा घेतला. फक्त एका वर्षाची भर घालायची होती. कुंचल्यावर पांढरा घेतला, कानापर्यंत नेला, आणि लावता येईना. माणूस अडतीसला गेलाय. एकोणचाळीसचा मी त्याला कुठून करू? ते तेवढं खोटं माझ्या हाताला जमलं नाही. वाटलं, एका रेघेचा तर प्रश्न, चाळीस हात उंचीवरचा चेहरा, आईचे डोळे चौऱ्याहत्तरचे. कोण बघतंय?

परवा आपलं चांद्र नवं वर्ष झालं. सकाळी वडिलांच्या नावाने ताट मांडलं, आमटी झाली, आणि आई थिएटरवर गेली. मी बरोबर होतो. तिने मान वर केली. दर वेळी बघते तेवढंच बघितलं. मालकांनी सणाच्या शुभेच्छा दिल्या, तिनेही दिल्या. परत येताना वाटेत सुक्या माकुलाच्या भावाबद्दल बोलत होती. मला वाटलं निभावलं.

घरी आल्यावर तिने गोधडी बाजूला केली, वाडगा काढला आणि झाकण उघडलं. वडिलांचं ताट अजून आवरलेलं नव्हतं. तिने वाडगा वडिलांच्या वाडग्याशेजारी ठेवला आणि भातात चमचा उभा खोचला. उभा, ताई, गेलेल्या माणसासाठी खोचतात तसा. पिल्सुनच्या हातातली परात खाली पडली.

आई रडली नाही. कसा गेला, कुठे गेला, तुला कधी कळलं, एका शब्दाने विचारलं नाही. म्हणाली, यंदा त्याचं वय वाढवलं नाहीस. मग तारीख तेवढी विचारली, कारण श्राद्ध करायचं तर तारीख लागते.

मी सांगितली. चांद्र महिन्याने ती येत्या दहा मार्चला येतेय. मग जमन्ये कोण, ती पोर कोण, तेही सांगितलं. आई म्हणाली, ते मला त्या पोरीने भात मागितला तेव्हाच कळलं. भुवईचं मात्र सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही.

तू आणि दाजी एक दिवस आधी या. जमन्ये पोरीला घेऊन येते आहे. बटाटे बुसानहून आणू नकोस, इथं चांगले मिळतात. तुझ्या भावावर आजवर केलीस तशीच माया पुढेही कर, एवढं मागतो.

तुझा,
दूचिल

ता. क. — ताटामागे लावायच्या कागदावर त्याचं नाव लिहायचं आहे. दूगिलही लिही आणि गेत्तोंगही लिही, म्हणजे तो वाट चुकणार नाही, असं आई म्हणते. आणि म्हणते, तूच लिही, घरात तुझ्याइतकं सुंदर अक्षर कुणाचं आहे? मी हो म्हटलंय. मी लिहीन तेव्हा तू माझ्याशेजारी बस, आणि या वेळी नीट वाचून बघ.